पाण्याला काय कळतंय

पाणी गुलाबी झालं आणि हॉस्पिटलचा सगळा हॉल एकदम उठून उभा राहिला. मागच्या रांगेतले खुर्च्यांवर चढले, पुढचे मागे सरकले, कुणाची तरी चप्पल कुणाच्या तरी पायाखाली गेली. एका नर्सनं डोळे मिटून हात जोडले. आमचे एक्स-रेवाले, जे एरवी स्वतः काढलेल्या फोटोवरही पटकन विश्वास ठेवत नाहीत, ते म्हणाले, "अहो, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं की!"

टेबलावर काचेचं मोठं भांडं होतं. त्यातलं पाणी क्षणापूर्वी नितळ होतं, आता चांगलं गडद गुलाबी झालं होतं. त्यात दोन हात बुडालेले होते, आणि ते हात आमच्या धुलाईमावशीचे होते.

"काढू नकोस!" पारखीबुवा ओरडले. "बघू दे सगळ्यांना! बघा मंडळी, जिभेनं लपवलं ते हातांनी सांगितलं!"

मावशीनं हात काढले नाहीत. ती नुसती पाण्याकडे बघत राहिली. मग मान वर करून तिनं गर्दीत कुणाला तरी शोधलं आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी खाली बघितलं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही अक्कल पाजळली तरी तुम्ही भुलणार नाही.

मी त्या हॉस्पिटलात लॅब सांभाळते. माणसाच्या आतलं जे जे बाहेर येतं ते माझ्या टेबलावर येतं, त्यामुळे माणसांबद्दल माझ्या फार भाबड्या कल्पना नाहीत. मावशी तळघरात, धुलाईखात्यात. वॉर्डातल्या चादरी, ऑपरेशनचे झगे, डॉक्टरांचे आणि माझे कोट, सगळं तिच्या हातांखालून जायचं. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून ती मला ‘पोरी’ म्हणायची. "पोरी, खिशात पेन ठेवून कोट टाकतेस, ही शाई काय तुझी सासू काढणार?" धुलाईखात्यामागच्या एका खोलीत ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली आई राहायच्या. खोली हॉस्पिटलची. नोकरी गेली की खोलीही गेली.

आणि नोकरी जायची वेळ आली होती. मुलांच्या वॉर्डासाठी कुणीतरी दान दिलेली नवी ब्लँकेटं, करड्या रंगाची, निळ्या काठाची, स्टोअरमधून नाहीशी झाली होती. थंडी तोंडावर आलेली. पोरं पातळ चादरीत मुटकुळं करून झोपत होती, त्यांच्या आया रात्रभर आपले पदर त्यांच्यावर टाकत होत्या. चोर सापडत नव्हता. तेव्हा हॉस्पिटलच्या समितीचे चिटणीस, म्हणजे माझे सख्खे काका, पाण्यावरून चोर ओळखणाऱ्या पारखीबुवांना घेऊन आले.

बुवांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं, यात शंका नाही.

"मंडळी, एके काळी दाराला कुलूप नव्हतं! आज कुलपाला कुलूप आहे! का? तर मनातली भीती गेली. पण पाणी अजून बिघडलेलं नाही. माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, पाणी खोटं बोलणार नाही. का? त्याला तोंडच नाही!"

टाळ्या. तोंड नाही तर मग ते खरं तरी कसं बोलतं, हे विचारायची तिथे सोय नव्हती.

पद्धत अशी. दारात एक बादली. तिच्यात ‘शुद्धिजल’. प्रत्येकानं त्यात हात बुडवूनच आत यायचं. मग टेबलापाशी जायचं. बुवा आपल्या सुरईतून काचेच्या भांड्यात पाणी ओतणार, आपण हात बुडवायचे. नितळ राहिलं तर आपण निर्मळ. दर माणसाला नवं पाणी, "नाहीतर एकाचं पाप दुसऱ्याला चिकटेल." मोठे डॉक्टर निर्मळ निघाले. एक्स-रेवाले निर्मळ निघाले. मीही निर्मळ निघाले. त्या बादलीत माझ्या बोटाची जखम चुरचुरली तेवढं लक्षात राहिलं. सकाळीच काचपट्टी लागली होती.

मावशी सगळ्यांत शेवटी आली. स्टोअरवाला तिला बाजूच्या दारानं घेऊन आला. हातातलं काम टाकून आली होती, कोपरापर्यंत ओली. तिनं हात बुडवले आणि पाणी गुलाबी झालं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला चमत्कार खरा वाटला नाही. बुवा-बाबांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मनात आलं, ‘नेली असतील का हिनं? आई आजारी आहे, खोलीत ओल असते...’ म्हणजे पाण्यावर विश्वास न ठेवता मी पाण्याचा निकाल मात्र मान्य केला.

समितीनं तिथल्या तिथे ठरवलं: परवा बुवांची पुढची सभा. तोवर मावशीनं ब्लँकेटं आणून द्यावीत, नाहीतर त्या दिवशी खोली रिकामी करावी.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. आमच्या घरात खाली मी आणि बाबा, वर काका, जेवण एकत्र. बाबांना सगळं गाव मास्तर म्हणतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी विचारमंडळ काढलं. ‘देवाशिवाय नीती’ हे त्यांचं भाषण लोकांना तोंडपाठ आहे. काकांचं प्रार्थनामंदिर त्या मंडळाच्या मागच्याच गल्लीत. समाज का बिघडला, या विषयावर दोघा भावांचं रोज जेवताना युद्ध चालतं. भांडण संपत नाही म्हणून जेवण संपत नाही.

"बघितलंस दादा?" काका म्हणाले. "वर कुणी बघत नाही, असं तुझ्यासारख्यांनी शिकवलं. मग काय, न्या ब्लँकेटं!"

"वर बघणारा आहे म्हणणाऱ्यांच्याच हॉस्पिटलात चोरी झाली ना?" बाबा म्हणाले. "समाज सडला तो तुमच्या भोंदूंमुळे. माणसाला विचार करायची सवयच ठेवली नाहीत तुम्ही."

"मग ते पाणी काय?"

"थोतांड."

"म्हणजे मावशी निर्दोष?"

बाबांनी घास चावून संपवला. "तसं मी कुठे म्हटलं? पाणी थोतांड असलं तरी परिस्थिती थोतांड नाही. पगार तो केवढासा, घरात दुखणं. मोह होतो माणसाला. दोष तिचा नाही, व्यवस्थेचा आहे. पण नेली असणार तिनंच."

"अरे, मग मी दुसरं काय म्हणतोय?"

"तू तेच म्हणतोयस, पण चुकीच्या कारणानं."

मी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आस्तिक आणि नास्तिक एका मुद्द्यावर आले होते, आणि तो मुद्दा होता तळघरातली एक बाई. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्या पंगतीत तिसरी मी बसले होते आणि माझंही मत तेच होतं.

दुसऱ्या दिवशी धुवायचा कोट घेऊन मी तळघरात गेले. कोट हे निमित्त. मावशी टबात वाकली होती. सोड्याच्या पाण्यात भिजलेल्या चादरी उपसून ती पिळत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"ठेव तिथे, पोरी."

"मावशी..."

"मी नेली असती तर ठेवली असती कुठे?" तिनं मानेनं खोलीचं दार दाखवलं. दार उघडंच होतं. आत खाट, खाटेवर आई, एक शेगडी, एक दोरी. आईच्या अंगावर चादर होती, तीही विरलेली. "जा, बघून ये. खाटेखालीही बघ."

मी गेले नाही. तेवढी तरी लाज शिल्लक होती.

तिनं टबातून एक चादर वर ओढली. चादरीचं पाणी तिच्या कमरेच्या एप्रनवर ठिबकलं, आणि जिथे जिथे ठिबकलं तिथे तिथे गुलाबी ठिपके उमटले. मावशीच्या हातातून चादर सुटली.

"अगं आई गं! अजून सोडत नाही मला! कालचं ते पाणी यावरच सांडलं होतं. वाळल्यावर डाग गेला होता गं, खरंच गेला होता!"

"थांब," मी म्हणाले. "हलू नकोस."

आणि मग मी कपाळावर हात मारून घेतला. तो रंग मी रोज बघते! माझ्या लॅबच्या फळीवर औषधाची एक छोटी बाटली आहे. फिनॉल्फ्थॅलिन असं लांबलचक नाव. पाण्यात थोडं टाकलं तर पाणी नितळच दिसतं. त्यात सोडा, साबण, चुना असं काही पडलं की गुलाबी. आंबट काही पडलं की परत नितळ. जठरातलं आम्ल तपासायला मी ते वापरते. शाळेतली पोरंसुद्धा हा प्रयोग करतात. काल तो रंग माझ्या नाकासमोर होता आणि मला ओळखू आला नाही. कारण मी रंगाकडे बघतच नव्हते. मी बाईकडे बघत होते.

मी धावत वर गेले. हॉलच्या कोपऱ्यात शुद्धिजलाची बादली तशीच पडली होती. लिटमसचा निळा कागद बुडवला, तांबडा झाला. बादलीत लिंबूसत्त्व! म्हणून माझी जखम चुरचुरली होती. म्हणजे आम्ही सगळे हात आंबट करून गेलो, आम्ही निर्मळ निघणारच. मावशी एकटी टबातून उठून थेट गेली. तिला बाजूच्या दारानं आणलं ते बादली चुकवायलाच. तिचं पाप म्हणजे तिच्या हाताला लागलेला सोडा. आणि सोडा का लागला? तर आमच्या चादरी धुतल्यामुळे.

सभेच्या दिवशी हॉल नुसता फुलून गेला होता. चमत्कार बघायला माणसं येतात, पण चोराला हाकलताना बघायला त्याहून जास्त येतात. पहिल्या रांगेत बाबा आणि काका शेजारी शेजारी. मावशी खाली तळघरात, आईची चादर गाठोड्यात बांधत होती.

मी बाजूच्या दारानं शिरले आणि थेट टेबलापाशी गेले.

"बुवा, माझी परीक्षा पुन्हा घ्या."

बुवांना वाटलं, भक्त आली. त्यांनी सुरईतून पाणी ओतलं. मी हात बुडवले. पाणी भडक गुलाबी झालं. येताना धुलाईच्या सोड्यात हात चांगले घोळून आले होते मी.

हॉलमध्ये एकच गलका झाला. बाबा उठून उभे राहिले.

"साथीदार!" बुवा आनंदानं ओरडले. "बघा मंडळी, पाणी कुणालाच सोडत नाही! शिकलेली आहे, पण पापी आहे!"

"बरं," मी म्हणाले. मग दारापर्यंत चालत गेले, बादलीत हात खळखळून धुतले आणि परत आले. "ओता नवं पाणी."

बुवांना ओतायचं नव्हतं. पण लोक ओरडले, "ओता, ओता!" ओतलं. मी हात बुडवले. पाणी नितळ.

"बुवा, आत्ता पापी होते. दारापर्यंत जाऊन आले तेवढ्यात पाप कुठे गेलं?"

"शुद्धिजलाचा प्रताप!"

"छान. मग मावशीला शुद्धिजल का दिलं नाही?"

बुवांनी सुरई जवळ ओढली. मी पिशवीतून सोड्याचं पुडकं, लिंबू आणि माझ्या लॅबमधली बाटली काढून टेबलावर मांडली, आणि पहिल्यापासून सगळं करून दाखवलं. माझ्या बाटलीतले थेंब साध्या पाण्यात. चिमूटभर सोडा, गुलाबी. लिंबू पिळलं, नितळ. पुन्हा सोडा, पुन्हा गुलाबी. "हे आहे तुमचं पाप, आणि हे पापक्षालन. दोन्ही किराणा दुकानात मिळतं."

एक्स-रेवाले सगळ्यांत आधी पुढे धावले. "माझे बघू, माझे!" सोड्यात हात घालून त्यांनी भांडं गुलाबी केलं आणि लहान मुलासारखे खिदळले. मग रांगच लागली. कालपर्यंत हात जोडणारे आज हात बुडवायला ढकलाढकली करत होते. कुणीतरी बुवांचे हात धरून सोड्यात घातले आणि त्यांच्याच पाण्यात बुडवले. भांडं लालेलाल.

"मी जगाची पापं अंगावर घेतो, म्हणून..." बुवा पुटपुटले. आता हसू कुणालाच आवरेना.

"मावशीचं नाव तुम्हाला कुणी दिलं?" मी विचारलं.

बुवांनी हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. तिथे स्टोअरवाला उभा होता, घामानं डबडबलेला.

"साठा तपासायला माणूस येणार होता," तो म्हणाला. "कुणाचं तरी नाव पुढे करायलाच हवं होतं."

"ब्लँकेटं कुठे आहेत?"

त्यानं पहिल्या रांगेकडे बघितलं, मग जमिनीकडे. "ते मी नाही सांगू शकत, ताई. मला पोरंबाळं आहेत."

लोकांनी तर्क केला की यानंच विकून खाल्ली. बुवा सुरई काखोटीला मारून पसार झाले. मला वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात काका उभे राहिले.

"पाणी खोटं निघालं, मान्य. पण म्हणून बाई खरी ठरते का? स्टोअरवाला आणि ती, दोघं मिळून असतील. तपास होईपर्यंत दोघंही बाहेर. खोली आज संध्याकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी."

मी बाबांकडे बघितलं. आता तरी बोलतील.

बाबांनी चष्मा पुसला. "ही शक्यता तर्काला धरून आहे," ते म्हणाले.

आणि लोक पांगले. ज्या लोकांनी आत्ताच सोड्यात हात घालून मजा केली होती, त्यांतलं कुणीही म्हणालं नाही की अरे, आपण हिला ओळखतो. मूग गिळून घरी गेले सगळे. मी ओरडत राहिले, पण समितीनं माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही.

बाबा मात्र खुशीत होते. माझा हात धरून ते मला मंडळात घेऊन गेले. "चल, सगळे वाट बघतायत. प्रयोग पुन्हा करून दाखव. आपल्या चळवळीचा केवढा विजय आहे हा!"

"बाबा, मावशी रस्त्यावर येतेय."

"ते बघू गं नंतर. आधी विचार महत्त्वाचा."

मंडळाच्या सभागृहात लाकडी बाकं आहेत. पूर्वी बसून बसून पाठ मोडायची. यंदा त्यांच्यावर जाडजूड बैठका आल्या होत्या, वर खाकी कापडाची खोळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी भाषण ठोकलं. "अंधश्रद्धेनं समाजाची नीती पोखरली आहे! देव नसला तरी नीती असते, आणि ती विवेकातून येते!" मी भांडं घेऊन उठले. मन थाऱ्यावर नव्हतं, कोपर लागलं आणि सगळं पाणी बाकावर सांडलं. बैठक भिजली. ती वाळत घालावी म्हणून मी खोळ ओढून काढली.

आत करड्या रंगाचं ब्लँकेट घडी करून भरलेलं होतं. निळा काठ. कोपऱ्यात आमच्या हॉस्पिटलचा शिक्का.

मी दुसऱ्या बाकाची खोळ काढली. मग तिसऱ्या. बाकावरची माणसं एकेक करून उठत गेली.

"बाबा, हे काय आहे?"

"ही ती नव्हेत गं," बाबा घाईघाईनं म्हणाले. "ही मला स्टोअरवाल्यानं दिली. माझा विद्यार्थी आहे तो. म्हणाला, मास्तर, पडून आहेत, तुमच्या बैठकांना होतील. समाजाच्या कामालाच लागली ना? चोरीला गेलेली वेगळी असणार."

"वेगळी?"

"त्यानं कुठेतरी नोंद केली असेल असं मी धरून चाललो."

"आणि चोरी झाली असं ऐकल्यावर? मनात एकदाही आलं नाही?"

बाबांनी भिजलेल्या ब्लँकेटवर हात ठेवला.

"आलं होतं," ते म्हणाले.

अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. ज्या माणसानं मला शिकवलं की पुराव्याशिवाय काही मानू नकोस, तो पुराव्यावर बसून भाषणं देत होता.

मी तिथून निघाले ते तडक मागच्या गल्लीत. मंदिरात काका प्रार्थनेची तयारी करत होते. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली. मी तिचं एक टोक उचललं. खाली निळा काठ.

"फरशी गार लागते माणसांना," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "स्टोअरवाला म्हणाला, चिटणीससाहेब, घेऊन जा. देवाच्या कामालाच तर..."

"बाबा म्हणतात समाजाच्या कामाला."

"त्याच्याकडेही आहेत?" काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद उमटला. खरंच उमटला, मी पाहिला. मग तो गेला आणि ते खाली बसले.

त्या दिवशी मी मोठ्यांचा मान वगैरे काही ठेवला नाही. दोघांच्या हातांवर हनुवटीपर्यंत ब्लँकेटं रचली आणि भर रस्त्यानं चालवलं. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. मास्तरांना नमस्कार करायचा की नाही, लोकांना कळेना. एकाला गठ्ठ्यामुळे पायाखालची वाट दिसत नव्हती आणि दुसऱ्याला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसत नव्हती. मी दोघांच्या मागे होते, माझ्याही हातांत गठ्ठा होता.

हॉस्पिटलच्या फाटकाशी हातगाडी उभी होती. गाडीवर मावशीची आई, तिच्या पायाशी शेगडी, गाठोडं. मावशी गाडीच्या दांड्याला हात लावून उभी होती. आम्हाला बघून थांबली. तिनं निळे काठ बघितले, दोन्ही भावांचे चेहरे बघितले आणि तिला सगळं कळलं. सांगावं लागलं नाही.

"मावशी, चूक झाली," काका म्हणाले. "त्या भोंदूनं आम्हाला फसवलं."

"पाण्यात औषध होतं," बाबा म्हणाले. "रासायनिक क्रिया..."

"पाण्याला काय कळतंय?" मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "पाणी परवा आलं. तुम्ही मला किती वर्षं ओळखता? चिटणीससाहेब, तुमच्या आईचं अंथरूण शेवटी मी धुतलं. मास्तर, तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमचे कपडे मी धुतले. पाण्यानं मला चोर म्हटलं, ठीक आहे. तुमच्यापैकी एकानं तरी नाही म्हणायचं होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. या वेळी मी खाली बघितलं नाही.

ब्लँकेटं त्याच संध्याकाळी मुलांच्या वॉर्डात गेली. दोघा भावांनी समितीपुढे लेखी कबुली दिली. काकांनी चिटणीसपद सोडलं, बाबांनी भाषणं. मावशीला खोली मिळाली, नोकरी मिळाली, सगळ्यांनी तिची हात जोडून माफी मागितली. आता जेवताना आमच्या घरी समाजाच्या ऱ्हासावर कुणी बोलत नाही. जेवण लवकर आटोपतं.

लोक मला विचारतात, ताई, मग खरं कुणाचं, देव मानणाऱ्यांचं की न मानणाऱ्यांचं? मी म्हणते, मानायचं ते माना, नाही ते नका मानू. बुवा आला तर त्याच्या बादलीत लिटमस बुडवा, सुरईत काय आहे ते विचारा, हात धुऊन पुन्हा परीक्षा मागा. घाबरू नका, तो तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो. पण तेवढ्यानं भागत नाही. आमचा बुवा उघडा पडला आणि तरी मावशी हातगाडीपाशी उभी होती. म्हणून कुणी कुणाला चोर म्हटलं की विचारा, कशावरून? कुणी पाहिलं? आणि स्वतः बसलात ती बैठक एकदा उचलून बघा. समाज बिघडला असं ओरडणारे आम्ही सगळे त्याच ब्लँकेटांवर बसलो होतो, आणि ऊब छान लागत होती.

परवा मी कोट घेऊन तळघरात गेले. मुद्दाम खिशात पेन ठेवून. ती ओरडेल, सासूचं नाव काढेल, असं वाटत होतं. मावशीनं ओले हात पुसले, खिशातून पेन काढलं, नीट माझ्या हातात दिलं.

"कोट ठेवा तिथे, मॅडम," ती म्हणाली.